पेट्रोलमधला ऊस आणि सभासदाचा हिशेब



मागील पंधरवड्यात खोडव्याच्या पाहणीसाठी गटात फिरत असता एका सभासदाने बांधावर मोटारसायकल आडवी लावून आम्हास थांबविले. म्हणाला, "साहेब, या गाडीतल्या पेट्रोलात आपला ऊस हाये म्हणते. खरं हाये का?" आम्ही सांगितले, खरे आहे. पंपावरच्या शंभर लिटरमध्ये वीस लिटरच्या आसपास एथेनॉल असते. त्यातले काही उसाचे, काही मक्याचे नि तांदळाचे. तो म्हणाला, "मंग आमच्या बिलात काऊन नाही दिसत?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर बांधावर उभे राहून देण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत. दुसरेही एक कारण आहे. आपल्या डिस्टिलरीत उसाच्या जोडीने मका व इतर धान्यही चालावे अशी यंत्रसामग्री बसविण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यासाठी कर्ज काढावे लागेल आणि त्या कर्जाला अखेर जामीन कोण, तर आपण सर्व भागधारक. हात वर करण्याआधी हा व्यवहार कोणाशी, कोणत्या अटीवर आणि किती दिवसांचा, हे प्रत्येकाला ठाऊक असावे, असे आम्हास वाटते.

तेल कंपनीला ऊस कशाला हवा?

तेल कंपन्या आपल्या दारी आल्या त्या शेतकऱ्याच्या प्रेमापोटी आल्या नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे. त्यांच्या दोन गरजा आहेत. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशातून येते, ही पहिली. दुसरी गरज हवामान बदलाची. जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षे गाडलेला कार्बन पेट्रोलच्या धुरावाटे हवेत जातो आणि तो हवेवर नवा बोजा पडतो. उसाचे तसे नाही. उसाच्या पानाने हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर केली. त्या साखरेचे एथेनॉल झाले, ते इंजिनात जळाले, की तोच वायू परत हवेत गेला. घेतलेली उसनवारी फेडली, एवढेच.

अर्थात हा हिशेब इतका स्वच्छ नाही. युरिया बनवायला इंधन लागते, पंपाला वीज लागते, ट्रक डिझेलवर चालतो. हे सर्व धरून नीती आयोगाच्या अभ्यासात असा अंदाज निघाला की, पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या एथेनॉलने असे वायू सुमारे ६५ टक्के कमी सुटतात आणि मक्याच्या एथेनॉलने सुमारे ५० टक्के. म्हणजे ऊस येथे मक्यापेक्षा सरस ठरतो. पण पाण्याच्या बाबतीत तोच नीती आयोग आपणास आरसा दाखवितो. त्याच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या १ लिटर एथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. पाट सोडून ऊस भिजविणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहावा. ठिबकाबद्दल आम्ही दर अंकात लिहितो म्हणून काही सभासद हसतात. हसावे, पण आकडा वाचून हसावे.

२०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत कार्बनचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे जाहीर केले. त्यापाठोपाठ तेल कंपन्यांनीही आपापली वर्षे ठरविली: इंडियन ऑइलने २०४६, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी २०४०. मात्र ही वर्षे कंपनीच्या स्वतःच्या कारभारापुरती आहेत. रिफायनरीत जे जळते, जी वीज लागते, त्याचा हा हिशेब. आपल्या मोटारसायकलीच्या नळीतून जो धूर निघतो तो त्यात धरलेला नाही, आणि खरा मोठा वाटा तर त्याचाच. तो कमी करण्याचे जे थोडे मार्ग आहेत त्यांपैकी एक आपल्या शेतातून जातो, म्हणूनच आपल्याला बोलण्यास जागा आहे.

जुनी गोष्ट

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना आजची नव्हे. १९४८ सालीच आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला. लगेच २००१ मध्ये जे तीन प्रायोगिक प्रकल्प निघाले त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होते. २००३ पासून ९ राज्यांत ५ टक्के मिश्रण ठरले. ठरले एवढेच. भावावर एकमत होईना, टेंडर निघत आणि रिकामी जात. दहा वर्षांनंतरही, २०१३-१४ मध्ये, देशातले मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास घुटमळत होते.

मग बदलले काय? कंपन्या त्याच, कारखाने तेच, मळीही तीच. बदलले ते धोरण. २०१४ च्या डिसेंबरपासून एथेनॉलचा भाव केंद्र सरकार ठरवू लागले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी हेवी मळी आणि थेट उसाचा रस वापरण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि डिस्टिलरीच्या कर्जावर व्याज सवलत सुरू झाली. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के, असे मिश्रण चढत गेले. साखर संघ, राष्ट्रीय महासंघ आणि खाजगी कारखान्यांच्या संघटना यांनी यासाठी वर्षानुवर्षे दिल्लीच्या पायऱ्या झिजविल्या. तेल कंपन्या आणि मोटार कारखानदार यांनीही आपापल्या बाजू मांडल्या. यालाच हल्ली धोरणात्मक सहभाग असे भारदस्त नाव आहे. आपण साध्या भाषेत त्याला भाव ठरण्याच्या वेळी हजर असणे म्हणू.

गाडीचे मायलेज पडते अशी तक्रार सभासद करतात. ती अगदीच काल्पनिक नाही. आयोगाच्याच अहवालात, जुन्या घडणीच्या चारचाकीत २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के आणि दुचाकीत ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. एथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, त्यामुळे हे व्हायचेच.

कागदावर काय लिहिले आहे?

आता मुद्द्याचे. ब्राझीलमध्ये १९७५ पासून सरकारने उसाच्या अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला. तेथे शेल कंपनीने २०११ मध्ये कोझान या साखर उद्योगाशी भागीदारी करून राइझेन ही कंपनी काढली. बी.पी. कंपनीनेही २०१९ मध्ये बंगे कंपनीबरोबर उसाच्या कारखान्यांत भांडवल घातले. म्हणजे तेथे तेलवाला उसाच्या कारखान्यात भागीदार झाला. नफा झाला तर त्याचा, बुडाला तरी त्याचा.

आपल्याकडे तेल कंपनी ही भागीदार नसून गिऱ्हाईक आहे. ती दरवर्षी टेंडर काढते, कारखाने देकार देतात, ती वाटप करते. माल पोचल्यावर पैसे मात्र साधारण तीन आठवड्यांत येतात, ही गोष्ट मोकळेपणी मान्य केली पाहिजे. साखर गोदामात वर्षवर्ष पडून राहते आणि तिच्यावर व्याज चढत राहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तीन आठवड्यांची किंमत कळेल. एफ.आर.पी. चौदा दिवसांत देण्याचा कायदा पाळता यावा यात एथेनॉलच्या रोख पैशाचा मोठा हात आहे.

काही प्रकल्पांना याहून पक्का आधार मिळाला. ज्या राज्यांत एथेनॉलची तूट होती तेथे नवे प्रकल्प उभे करणाऱ्यांशी तेल कंपन्यांनी दीर्घ मुदतीचे खरेदी करार केले. कंपनी, प्रकल्प आणि बँक असा त्रिपक्षीय करार होतो. एथेनॉलचे पैसे एका स्वतंत्र खात्यात येतात. बँक आधी आपला हप्ता कापते, उरले ते प्रकल्पाचे. आपल्यासारख्या मुबलक उसाच्या राज्यात मात्र बहुतांशी हंगामापुरताच करार. कर्ज दीर्घ मुदतीचे आणि गिऱ्हाइकाचा शब्द एका वर्षाचा, हे सभेत विसरू नये.

त्या शब्दाचे काय होऊ शकते ते २०२३ ने दाखविले. एल निनोच्या त्या वर्षाचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस घटणार, साखर महागणार अशी चिंता पडली. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळप हंगामात, रसापासून एथेनॉल करण्यास केंद्राने बंदी घातली. आठ दिवसांनी ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकीच मर्यादा घातली आणि पूर्ण बंधने उठली ती २०२४ च्या ऑगस्टअखेर. कारखान्यांनी कर्ज काढून यंत्रे बसविली होती. त्यांचे हप्ते काही कोणी थांबविले नाहीत. हवामानाच्या संकटावर उतारा म्हणून काढलेली योजना एका पावसाळ्याने अडवून धरली, याचे आम्हास आजही नवल वाटते. सरकारचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. सणासुदीला साखर चाळीस-पन्नासच्या वर गेली तर सरकारला तोंड द्यावेच लागते. परंतु थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते समजले.

भावाचा हिशेब

एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर एथेनॉल निघते असे धरतात. (साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून टनामागे १०-११ लिटरच निघते, पण साखर वेगळी मिळते.) २०२२-२३ मध्ये रसाच्या एथेनॉलचा भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. म्हणजे टनामागे सुमारे ४,५९३ रुपये. त्या वर्षी १०.२५ टक्के उताऱ्याला एफ.आर.पी. होती ३,०५० रुपये. वजा जाता १,५४३ रुपये उरले. त्यातून पगार, रसायने, देखभाल, व्याज.

२०२४-२५ मध्ये एफ.आर.पी. झाली ३,४०० रुपये. एथेनॉलचा भाव? तोच, ६५ रुपये ६१ पैसे. उरले १,१९३. टनामागे ३५० रुपयांनी शिल्लक घटली. लाख टन ऊस रसाकडे वळविणाऱ्या कारखान्याला हा साडेतीन कोटींचा फरक. बी हेवी मळीच्या एथेनॉलचा भावही या काळात ६० रुपये ७३ पैशांवर थांबला. उसाचा भाव वाढावा ही आपली रास्त मागणी आहे आणि २०२५-२६ ला तो ३,५५० झाला, याचा आनंदच आहे. पण पुढच्या टोकाचा भाव जागचा हलला नाही तर मधल्या कारखान्याची कणीक तिंबली जाते, आणि तो कारखाना आपलाच आहे. एथेनॉलचा भाव एफ.आर.पी.शी जोडावा अशी साखर उद्योगाच्या संघटनांची मागणी आहे, ती यासाठी.

आता बांधावरच्या प्रश्नाकडे येऊ. बिलात एथेनॉल का दिसत नाही? कारण ऊस बिल एफ.आर.पी.वर निघते आणि एफ.आर.पी. साखर उताऱ्यावर. बी हेवी मळीकडे किंवा रसाकडे साखर वळविली की उतारा कमी दिसतो. ती वळविलेली साखर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या दाखल्याप्रमाणे उताऱ्यात परत मिळवली जाते. तेवढा भाग बिलात आलेला असतो, फक्त त्यावर एथेनॉल असे नाव नसते. पुढचा भाग मात्र येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्यात साखर आणि प्राथमिक उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मळी व प्रेसमड, यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला धरला आहे. कायदा मळीपाशी थांबतो. मळीचे एथेनॉल झाल्यावर जो नफा होतो तो या वाटणीत नाही. खाजगी कारखान्यात तो मालकाचा. सहकारी कारखान्यात तो संस्थेचा, आणि त्यातून किती कर्जफेडीस जावा, किती उसाच्या दरात यावा, हे ठरविण्याची जागा सर्वसाधारण सभा हीच. त्या सभेला पाच-पन्नास माणसे येतात आणि चहा होताच उठतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

आपल्या नागपुरातले दोन दाखले

२०१४ च्या ऑगस्टमध्ये एथेनॉलवर चालणारी देशातली पहिली बस नागपूरच्या रस्त्यावर धावली. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची ती हिरवी बस अनेकांनी कौतुकाने पाहिली असेल. पुढे अशा आणखी बसेस आल्या. २०१८ मध्ये सेवा बंद पडली. बिले थकली, अशी कंपनीची तक्रार होती. बस चांगली होती, इंधन देशी होते, धूर कमी होता. पैशाची वाट मोकळी राहिली नाही.

दुसरा दाखला कोराडीचा. पेंचचे पाणी नागपूर शहर, वीज केंद्रे आणि आपले कालवे यांत वाटले जाते, हे पेंच लाभक्षेत्रातल्या सभासदांना सांगावयास नको. उन्हाळी आवर्तनाच्या वेळी ते आपोआप आठवते. महानिर्मिती कंपनीने नागपूर महानगरपालिकेशी करार करून भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्रास घेतले, दररोज १३० दशलक्ष लिटर. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. जेवढे सांडपाणी बॉयलरला जाते तेवढे पेंचचे गोडे पाणी वाचते. कोळशाचा धूर त्याने कमी होत नाही, हे खरे. तरी पाऊस बेभरवशाचा होत असताना असा करार आपल्या उसाला प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

कोळशाच्या केंद्रांना आणखी एक बंधन आहे: कोळशात शेतीच्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात, २०२४-२५ पासून ५ टक्के. त्यामुळे पाचट विकत मागणारे कोणी शिवारात आले तर नवल नाही. आमचा सल्ला असा की, खोडवा ठेवणार असाल तर पाचट देऊ नये आणि जाळू तर मुळीच नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकल्यास तेच खत होते, आणि एक-दोन पाणीपाळ्या वाचतात. खोडवा मोडणार असाल तर मग हिशेब करून द्यावे. प्रेसमडचेही असेच. त्यापासून बायोगॅस करून तेल व गॅस कंपन्यांना विकण्याची योजना २०१८ पासून आहे आणि गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के असा गॅस मिसळण्याचे बंधन आले आहे. तो दिवस आपल्याकडे आला तर गॅस निघाल्यावर उरणारे खत सभासदांच्या शेतात परत आले पाहिजे, ही अट पहिल्याच कागदावर लिहून घ्यावी.

मक्याचा प्रस्ताव

६ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने सहकारी कारखान्यांना, मळीवर चालणारी डिस्टिलरी धान्यावरही चालेल अशी करण्यास व्याज सवलत देऊ केली: वार्षिक ६ टक्के किंवा बँकेच्या दराच्या निम्मे, यांत जे कमी ते, पाच वर्षे. ऊस संपल्यावर डिस्टिलरी सहा महिने बंद राहते, ती चालू राहील, हा मोठा फायदा. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर एथेनॉल निघते. ७१ रुपये ८६ पैसे भावाने ते २७,३०० रुपयांचे होते. २०२५-२६ च्या हमीभावाने मका २४,००० रुपये टन. शिवाय पशुखाद्याची पेंड निघते. मका जवळ आहे, छिंदवाडा हा मक्याचाच जिल्हा; नागपूर जिल्ह्यात मात्र आपण सोयाबीन-कपाशीवाले. मका हमीभावाच्या खाली मिळाला तर नफा, आणि तो पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा तोटा. हे आम्हास थोडे खटकते, तेही सांगून ठेवतो.

मोठी धास्ती वेगळी आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटर मागितले, तर देशभरातून देकार आले १,७७६ कोटी लिटरचे. वाटपात उसाच्या एथेनॉलचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास राहिला. पाहुणे वाढले, पंगत तेवढीच. मिश्रण २० टक्क्यांच्या पुढे नेण्याचे धोरण ठरेपर्यंत नव्या यंत्राला वर्षात किती दिवस काम मिळेल, याचे उत्तर प्रस्तावात आकड्याने असले पाहिजे. देकाराच्या निम्मेच वाटप झाले तर हप्ता कशातून जाईल? मका हमीभावाच्या वर गेला तर? पाच वर्षांनंतर सवलत संपल्यावर व्याजाचा बोजा उसाच्या दरावर किती पडेल? आणि नफा झालाच तर टनामागे सभासदास किती, हे आधीच ठरावात लिहिता येईल का?

हे प्रश्न आम्ही संचालक मंडळापुढे शेतकी खात्यातर्फे लेखी दिले आहेत. डिस्टिलरीचे स्वतंत्र नफा-तोटा पत्रक वार्षिक अहवालाच्या मागील बाजूस जोडलेले असते; बहुतेकांच्या घरी अहवाल पोचतो, तेवढे पान उलटले जात नाही. ज्यांना अहवाल मिळाला नसेल त्यांनी गट कार्यालयात चिटबॉयकडे मागावा. मोटारसायकलवाल्या सभासदाच्या घरी आम्ही स्वतः नेऊन दिला आहे. त्याने पत्रकावर बोट ठेवून पहिलाच प्रश्न व्याजाचा विचारला.